वायचकाकांची रेघ

आंतोनकाका चहासुद्धा चालता चालता पीत. भरलेला कप वर्कशॉपच्या एका टोकाला उचलत आणि रिकामा दुसऱ्या टोकाला ठेवत. देवबागच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चार स्टुलं आहेत, पण पाच वर्षांत मी त्यांना एकावरही बसलेलं पाहिलं नाही. बोर्डावर दोन फटकारे मारायचे, मागे सरायचं, डोळे बारीक करायचे, दारापर्यंत जाऊन यायचं आणि तोच फटकारा पुन्हा मारायचा. "काका, झाला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "वायच रवला हा." म्हणजे थोडंसं राहिलंय. त्यावरून सगळे त्यांना वायचकाका म्हणू लागले.

मूळचे ते होड्यांचे पेंटर. आम्ही सर्फबोर्ड बनवायला लागलो तेव्हा चित्रं काढायला दुसरं कोण बोलावणार? बोर्डाचं काम सांगायला सोपं आहे. फोमवर काचकापड आणि रेझिन चढवायचं, ते घासायचं, त्यावर चित्र काढायचं आणि सगळ्यात शेवटी ग्लॉस, म्हणजे रेझिनचाच चकाकीचा थर ओतायचा. काकांनी पहिल्या बोर्डावर होडीचा ऑइलपेंट लावला. त्यावर आम्ही ग्लॉस ओतला आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. मी त्यांच्यापुढे पाण्यात मिसळायचे रंग ठेवले तर म्हणाले, "पाण्याचो रंग? माका बालवाडीत घातलंस काय गो?" पण शिकले. तळलेल्या बांगड्याचा हात बोर्डाला लागला तर त्या जागी ग्लॉस धरत नाही, हेही शिकले. तरी जेवणानंतर त्यांचे हात मी स्वतः तपासायची.

आमची भांडणं व्हायची ती यादीवरून. मी रोज सकाळी भिंतीवर कामांची यादी लावते. कोणतं काम, कोणाचं, किती वाजेपर्यंत. काका ती मोठ्याने वाचत. "तू मरतानाव यादी करतलंस गो बाय. नंबर एक, डोळे मिटूचे."

"आणि नंबर दोन, तुमचा चित्र सुकाची वाट बघूची."

हसत, पण काम संपवत नसत. हार्डनर मिसळलेलं रेझिन हातात घेऊन मी उभी आणि काका माशाच्या शेपटीत अजून एक छटा घालताहेत, असं कितीदा झालं असेल. मिसळलेलं रेझिन डब्यात दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. असे डबेच्या डबे मी फेकून दिले.

एकदा चिडून विचारलं, "होडीवर सकाळी सुरू करून दुपारी मोकळे होत होतात ना? मग हंय काय होता?"

काका फेऱ्या मारता मारताच बोलले. "होडी पावसाळ्यात वर काढली काय माझा काम खरवडतत. चाळीस वर्षां रंगवलंय, पण आज एक टवको दाखवूक नाय. हंय काचेखाली गेला काय कायमचा. म्हणान भिया वाटता गो."

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांसमोर कडेने अंधार यायला लागला. मी त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या मुलीने, फ्लोरीने, त्यांना मडगावला आपल्याकडे कायमचं न्यायचं ठरवलं. जाण्याआधी काकांनी एकच मागितलं. "एक बोर्ड माका दी. गिऱ्हाइकाचो नको, माझो. काय तरी एक रवांदे माझ्या हातचा."

मी नवा बोर्ड दिला. यादीत लिहिलं, 'काका – आठ दिवस'. पहिल्या दिवशी त्यांनी होडी काढली, दुसऱ्या सकाळी पॉलिश पेपरने घासून टाकली. मग चर्च काढलं आणि तेही घासलं. बायकोचा चेहरा अर्धा झाला होता, चांगला होता, तोही गेला. आठव्या दिवशी सकाळी बोर्ड पांढराशुभ्र. फ्लोरी तीन वाजता गाडी घेऊन येणार होती.

"काका, आज नाय तर कधी? डोळे थांबाचे नाय तुमच्यासाठी!" माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

काका रंगांच्या डब्यांकडे गेले. मोठा ब्रश घेतला, निळ्यात बुडवला आणि बोर्डाच्या टोकाशी गेले. होडीची पाणरेघ, म्हणजे पाणी कुठवर चढणार ती खूण, ते अशीच ओढत. पट्टी नाही, दोरी नाही, श्वास धरून नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत चालत जायचं. तसेच ते बोर्डाकडेने चालत गेले. सहा पावलं. ब्रश उचलला.

"सरळ इली मां?"

रेघ शेवटच्या हातभर अंतरात डावीकडे झुकली होती. त्यांना ते दिसत नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं, खरं सांगितलं तर ते पुन्हा घासणार आणि बोर्ड कोरा राहणार, हेही मला कळत होतं. पण पाच वर्षं मी त्यांना वाकडं ते वाकडंच म्हणत आले होते.

"शेवटाक डावीकडे गेली हा," मी म्हटलं.

त्यांचा हात पॉलिश पेपरवर गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. "मी गेलंय तशीच गेली ती. रवांदे. वत तो ग्लॉस."

पंख्याने रंग सुकवला आणि दोन वाजता मी ग्लॉस ओतला. तीन वाजता ते निघाले तेव्हा तो वरून चिकटच होता, पातळ थर पुरता सुकायला रात्र लागते, त्यामुळे त्यांना हात लावता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मडगावहून फोन आला.

"सुकलो?"

"सुकलो, काका."

"हात फिरव वायच. रेघ हाताक लागता?"

मी हात फिरवला. दोनदा फिरवला. "नाय, काका. काचेसारखा गुळगुळीत लागता."

पलीकडे ते चालत असावेत, चपलांचा आवाज येत होता. तो थांबला.

"बरा झाला," ते म्हणाले. "मगे कोणाक खरवडूक जमाचा नाय."