लेकीच्या घरचं पाणी

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि माझ्या लग्नालाही तेवढंच. बाबा कामरगावहून मानोऱ्याला माझ्या सासरी आले, तेव्हा मी ज्वारी निवडत होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला सरकवला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, आणि बाबा असल्या बाबतीत भारी कर्मठ. मला दर वेळी राग यायचा. त्या दिवशीही आला, त्यांचं तोंड नीट पाहीपर्यंत.

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. महिनाभर तो नागपूरच्या दवाखान्यात होता.

"डाक्तर म्हणते, सख्ख्या बहिणीच्या हाडातला मगज पोराच्या आंगात घातला त तो वाचते," बाबा माझ्या सासूबाईंना म्हणाले. "पोरीले चार दिवस नेऊ द्या."

सासूबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "अन् मंग तिले लेकरू नाई झालं त?"

खरं सांगते, भावावर एवढा जीव, तरी माझ्याही मनात तोच प्रश्न होता. कमरेत दाभण खुपसतात, हाड पोखरतात, असं काहीबाही डोळ्यांपुढे यायला लागलं. सासूबाईंनी नाही म्हणावं, असंही एकदा वाटून गेलं.

त्यांनी उठून तोच तांब्या बाबांपुढे धरला. "लेकीचं हाड मागाले आले इवाई, अन् पाणी चालत नाई? प्या आधी. मंग घेऊन जा तिले."

बाबा घटाघटा प्यायले आणि तिथेच रडले.

नागपूरला पोचल्यावर डॉक्टरांसमोर पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, "काढा." ते बाबांकडे पाहतच राहिले.

"अहो, मी परदेशातलं सांगत होतो. आपल्याकडे हे अजून होत नाही."

बाबांनी ते अर्धं ऐकलंच नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार, तो पुढचं कशाला ऐकतो? आणि मला हायसं वाटलं. आधी तेच वाटलं, रडू नंतर आलं. त्याची लाज मला आजही वाटते.

भाऊ खाटेवर पांढराफटक पडला होता. ताईला आणतो, मग तू बरा, असं बाबांनी त्याला सांगून ठेवलेलं. दिवसभर एसटीत बसून माझं अंग आंबलं होतं. कमरेवर हात ठेवून मी कशीबशी त्याच्याजवळ टेकले. त्याने ते पाहिलं.

"काढला काय वं ताई? लय दुखलं काय तुले?"

बाबा दाराशी मान खाली घालून उभे होते.

"नाई रे," मी म्हटलं. "कायीच दुखलं नाई. आता तू बरा होशीन."

पुढे तो बारा दिवस होता. मी पाणी आणायला उठले, की खाटेवरून दर वेळी म्हणायचा, "ताई, हळू चाल."