गाण्यामागची शिट्टी

परवा व्हॉल्व्हचा नवा अॅम्प्लिफायर जोडला. तो तापू लागला तसा खोलीभर करपट वास पसरला आणि मी थेट धुळ्याच्या घरात जाऊन पोचलो.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं असाच तापणारा अॅम्प्लिफायर आणि भारी स्पीकर आणले होते. त्यांवर पहिली कॅसेट लावली ती आईची. श्रावणातल्या कानबाई देवीच्या जागरणात ती गायली होती, नानांनीच टेप केलेलं. जुन्या स्पीकरवर नुसता तिचा गोड आवाज यायचा. आता मात्र प्रत्येक ओळ संपली की एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.

"ऐक, तुना श्वास बी ऐकू येस!" नाना आईला हरखून म्हणाले. आम्ही पोरांनी टाळ्या पिटल्या.

शेंगा फोडत बसलेली आई हसली नाही. ती उठली आणि तिनं आवाज हळूच बारीक केला. तिला तेव्हाच ठाऊक होतं, हे मला आज कळतं. पुढच्या कानबाईला गायला ती नव्हती.

परवाही मी तीच कॅसेट लावली. नव्या अॅम्प्लिफायरवर शिट्टी लख्ख ऐकू आली. गाणं संपलं, मी सगळं बंद केलं. शिट्टी चालूच होती.

मी श्वास रोखला, तेव्हा ती थांबली.