यादीत नाव लागलं होतं

पोशेऱ्याच्या रुपीला वाचता येत नव्हतं. फोन उचलायचा कसा, लावायचा कसा, एवढं लेकीने शिकवलं होतं. रविना बारावी झाली, नर्सिंगचा फॉर्म भरला, तेव्हा त्यावर आईचाच नंबर दिला; तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. मग ती गावातल्या चंद्राबरोबर नाशिककडे द्राक्षाच्या छाटणीला गेली. जाताना म्हणाली, "आये, यादीत नाव लागलं का मेसेज येल. उमेशदादाकडून वाचून घे, आन् मला चंद्राच्या फोनवर सांग."

मेसेज यायला लागले. रोज तीन-चार. रुपी हातातलं काम टाकून, जीप पकडून मोखाड्याला जायची आणि उमेशच्या रिचार्जच्या दुकानात फोन पुढे धरायची. तो वाचून दाखवायचा. घरबसल्या कर्ज. रमी खेळा. साड्यांवर सूट. दुकानातली माणसं हसायची. पाचव्या खेपेला उमेश म्हणाला, "मावशी, या सगळ्या जाहिराती. जीपचं भाडं कशाला घालवतेस?"

तो काही वाईट बोलला नव्हता. पण रुपीला लाज वाटली. त्यानंतर फोन वाजला की ती नुसती त्याच्याकडे बघायची आणि विळा घेऊन नागली कापायला जायची.

एकदा फोनवर एक बाई गोड आवाजात बोलली. एक दाबा, म्हणाली. कॉलेजातली असेल असं वाटून रुपीने एक दाबलं. आठवड्याने लेकीला फोन लावायला गेली तर लागेचना. नाइलाजाने ती पुन्हा उमेशकडे आली.

"मावशी, तू गाणं लावून घेतलंस. त्याचे पैसे कापलेत."

"मी कदी मागितलं रं गाणं?"

उमेशने ते गाणं बंद केलं. मेसेज तुंबले होते, तेही तो एकेक करून पुसायला लागला. मध्येच त्याचा अंगठा थांबला.

"मावशी, रविनाचं नाव लागलं होतं."

रुपी हसली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. मेसेज बारा दिवसांपूर्वीचा होता. हजर व्हायची मुदत सोमवारी संपली होती आणि आज गुरुवार. उमेशने स्वतःच्या मोबाइलवरून कॉलेजात फोन लावला, खूप विनवण्या केल्या. जागा पुढच्या मुलीला गेली होती.

मग त्याने चंद्राला फोन लावून रुपीच्या हातात दिला. रुपीने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे छाटणीच्या कात्र्यांचा आवाज येत होता.

"आये, तू जेवलीस का?" रविनाने विचारलं.

रुपीला तिथेच रडू फुटलं. पोरीने शिव्या घातल्या असत्या तर त्या तिने सोसल्या असत्या.

दिवाळीला रविना घरी आली. बसल्या बसल्या तिने आईच्या फोनवरच्या जाहिराती बंद करून टाकल्या.

"पुढल्या साली परत भरू फॉर्म," रुपी म्हणाली.

"बघू," रविना म्हणाली.

माघात खोडाळ्याचं स्थळ आलं, तेव्हा तिने नाही म्हटलं नाही.