फ्लास्कमधली ऊब

जुन्नरच्या बाजारात आमचं मोटारपंप, वायरी आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत माझे वडील सूर्य तयार करत. म्हणजे बाजारातले लोक तसं म्हणत. वडिलांचं म्हणणं साधं होतं: पाण्यात धातूची तार बुडवून वीज सोडली, तर सूर्यात होतं तसं काहीतरी होऊन कधीकधी दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, असं दोन परदेशी शास्त्रज्ञ म्हणाले होते. जगानं त्यांना खोटं ठरवलं. माझ्या वडिलांनी नाही. ते पुण्यात रसायनशास्त्र शिकत असतानाच आजोबांनी त्यांना परत आणून दुकानावर बसवलं होतं आणि तेव्हापासून ते अर्धवट सुटलेल्या गोष्टींच्या बाजूनं असत.

त्या शास्त्रज्ञांनी वापरलेलं जड पाणी आणि महागडा धातू जुन्नरला कुठून मिळणार? वडिलांनी निकेलची तार आणली, साध्या पाण्यात क्षार घातला आणि दोन थर्मास शेजारी शेजारी मांडले. एकात ही तार, दुसऱ्यात तेवढ्याच ताकदीचा साधा हीटर. पहिला दुसऱ्यापेक्षा गरम झाला तर वडील जिंकले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अकरावी सायन्सला होते, त्यामुळे हे सगळं मला पटायचं आणि माझ्या मैत्रिणींपासून लपवायचंही असायचं.

विजेनं तारेच्या थर्मासमधलं पाणी रोज थोडं कमी व्हायचं. डब्यात साठवलेल्या पाण्यानं ते भरायचं काम आईकडे होतं, कारण सकाळी वडील आंघोळ करून पूजेच्या कपड्यात देरासरला, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जात. परत आले की थर्मामीटर बघत आणि दुकान उघडत. मग दिवसभर गिऱ्हाईक. बघणं होई ते सकाळचं एवढंच.

कितीतरी महिने दोन्ही पारे सारखेच राहिले. वडील चिडले नाहीत. धातूला मुरायला वेळ लागतो म्हणाले, जणू थर्मासमध्ये लोणचंच घातलं होतं. आणि मग पावसाळ्यात, चातुर्मास लागला तसा, पहिला पारा वर चढला. दुसऱ्या दिवशीही. रोजच. वडिलांना जेवण सुचेना. त्यांनी पुण्यातल्या आपल्या जुन्या सरांना फोन केला. दिवाळीआधीच्या रविवारी स्वतःची उपकरणं घेऊन यायचं सरांनी कबूल केलं. येडगावहून जळालेली मोटार नव्यानं तार गुंडाळून भरायला टाकायला आलेला शेतकरी वडिलांना म्हणाला, "मग आता लाईट बिल येनार नाय म्हना की, राव." वडील नुसते हसले. त्यांना इतकं खूश मी पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला सरांच्या येण्याची उगाचच धास्ती वाटत होती.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी वडील चष्मा विसरले म्हणून देरासरच्या वाटेवरून परत फिरले. मी खोलीत अभ्यास करत होते. आई थर्मासचं झाकण काढून स्टीलच्या गडूतून पाणी ओतत होती आणि गडूतून वाफ येत होती.

वडील दारातच थांबले. हे कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं.

"चातुर्मासात उकळलेलंच पानी घ्यायचं, असा नियम घेतलाय ना मी," आई म्हणाली. "तुमचं डब्यातलं पानी कच्चं. त्यात करंट सोडायचा म्हंजे जीव मरनार. म्हनून आपल्या पान्यासंगं त्येबी उकळते."

उकळल्यानंही जीव मरतातच, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण आमच्या घरी एकदा उकळलेलं पाणी निर्दोष असे. पुढचं पाप त्याला लागत नसे. वडिलांच्या प्रयोगाला लागणारं पाप ती रोज सकाळी आपल्या परीनं कमी करत होती. दुसऱ्या थर्मासमधलं पाणी कमीच होत नसल्यामुळे तो तिच्या दयेतून सुटला होता.

वडिलांनी चष्मा घेतला, पण देरासरला गेले नाहीत. दुकानात जाऊन त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, येऊ नका," ते म्हणाले. "उष्णता आहे, पण ती आमच्या स्वयंपाकघरातली आहे."

आई मधल्या दारात उभी राहून ऐकत होती. सगळं तिला समजलं नव्हतं, पण पुरेसं समजलं होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"माझ्यामुळं गेलं का तुमचं?"

"नाय. मी तुला कधी काय सांगितलंच नाय, मग तुझी चूक कशी?" वडील म्हणाले. "आज चष्मा इसरलो नसतो तर उद्या सरांसमोर खोटं बोललो असतो. अन् मला त्ये कळलंबी नसतं."

रविवारी आईनं पाणी पहाटेच उकळलं आणि परातीत ओतून निववलं. वडील देरासरहून आले तेव्हा तिनं ते त्यांच्यासमोर थर्मासमध्ये भरलं. थोडा वेळ आम्ही तिघं जमिनीवर बसून राहिलो. दोन्ही पारे एका रेषेत होते. वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि आईला जवळ बोलावून दाखवलं.

"हे चांगलं का वाईट?" तिनं विचारलं.

"खरं हाय," वडील म्हणाले.