टोप उतरवायचा हुकूम कुणी दिला

१९५६च्या फेब्रुवारीत आमची कंपनी हुमनाबादला होती. तंबू हमरस्त्याच्या उत्तरेला, माळावर. साडेपाचला पीटी, सातला चहा-पुरी, साडेसातला किट तपासणी. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं. कुठलं गाव कन्नड मुलखात जाणार आणि कुठलं मराठी मुलखात, यावरून रोज कुठंतरी दगड उडत होते. पोलीस पुरेनात म्हणून आम्हाला बोलावलं होतं.

कंपनीची स्टँडिंग ऑर्डर एका ओळीची होती. गर्दीच्या ड्युटीवर स्टील हेल्मेट डोक्यावर, हनुवटीचा पट्टा बांधलेला. जवान हेल्मेटला लोखंडी टोप म्हणत. मीही इथं तसंच लिहितो.

मी हवालदार होतो. त्याआधी आठ वर्षं निजामाच्या फौजेत होतो. आमचं घर बसवण्णांना मानणारं. घरात मराठी, बाजारात कन्नड, पलटणीत उर्दू. तिथं आमच्या डोक्यावर खाकी पगडी असायची आणि पगडीवर पितळी बिल्ला. सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये पोलीस ॲक्शन होऊन भारतीय फौज आली आणि एका दुपारी दोन वाजता बिदरच्या मैदानात आम्ही रायफली खाली ठेवल्या. मग एका सुभेदारानं रांगेपुढं लोखंडी घमेलं ठेवलं आणि म्हणाला, "बिल्ला निकालो. इसमें डालो." पाचशे माणसं एकेक करून पुढं गेली. घमेलं तीनदा भरलं. त्या रात्री मी बिनबिल्ल्याची पगडी उशाला घेऊन झोपलो आणि सकाळी तिचं काय करावं ते कळेना. गावी गेलो तर ती पगडी बघून शेजाऱ्यानं दार लावलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दोन वर्षांनी चौकशी होऊन मला नव्या फौजेत घेतलं. डोक्यावर बेरे, म्हणजे मऊ लोकरी टोपी, आली. तिच्यावरचा बिल्ला मी रोज घासायचो, इतरांपेक्षा जास्त. माझ्या कागदांवर तांबडी खूण होती. एक वाईट शेरा पडला की घरी, हे मला माहीत होतं.

लान्स नाईक बिरप्पा माझ्या सेक्शनमध्ये होता. धनगराचा पोर, ठाणाकुशनूरपासून चार मैलांवरचा. वय सव्वीस. मला हवालदारसाब म्हणायचा फक्त परेडवर. एरवी अण्णा.

त्या दिवशी आम्हाला एका पुढाऱ्याबरोबर जायचं होतं. ते आता हयात नाहीत. त्यांचं नाव लिहीत नाही, आणि ज्या गावात हे घडलं त्याचंही नाही. सकाळी पावणेसातला ते जीपमधून आले तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरी खादी आणि डोक्यावर पांढरी टोपी होती. मागच्या सीटवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात काय आहे ते नऊ वाजता कळलं.

नऊला पहिलं गाव आलं. तिथं बहुतेक घरं कन्नड बोलणारी. गावाच्या अलीकडे जीप थांबली. ड्रायव्हरनं पेटी उघडली. पुढाऱ्यांनी टोपी आत ठेवली आणि पांढरा रुमाल बाहेर काढला. तो तिकडच्या पद्धतीनं आधीच बांधून ठेवलेला होता. डोक्यावर चढवला की झालं. सभेत ते कन्नडमधून बोलले. हा मुलूख कन्नडचाच राहील, असं त्यांनी हात वर करून सांगितलं.

परत ट्रकमध्ये बसल्यावर बिरप्पा म्हणाला, "अण्णा, पेटीत अजून एक हाय. भगवा. म्या बघितला."

"गप बस."

"गप्पच हाय. पर डोकं एक आन् झाकणं तीन. आपल्याला कामून मग एकच टोप देतेत?"

ट्रकमधले सगळे हसले. मीही हसलो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी जीप पुन्हा थांबली. दुसरं गाव अर्ध्या मैलावर दिसत होतं. हे मराठी बोलणारं. पुढारी भगवा फेटा चढवून खाली उतरले. तोही बांधून ठेवलेलाच. ते थेट माझ्याकडे आले.

"हवालदार, हे लोखंडी टोप काढायला लावा. हे बघितलं की लोकांना पोलीस ॲक्शन आठवते. मी माझ्या माणसांत चाललोय, लढाईवर नाही."

मी म्हणालो, "साहेब, ऑर्डर आहे."

"कुणाची?"

"कंपनी कमांडरसाहेबांची."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या बोलण्यावरून तुम्ही इकडचेच दिसता. निजामाच्या फौजेत होतात?"

"होय, साहेब."

"मग तेव्हा ज्यांच्या ऑर्डरी पाळल्या, त्यांच्यापेक्षा तर मी बरा असेन." ते हसून बोलले.

वायरलेस सेट ट्रकमध्येच होता. कंपनीला विचारायला दीड मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही. मी वळलो आणि ओरडलो, "सेक्शन, टोप उतार! बेरे लगाव!"

बिरप्पानं पट्ट्याला हात लावला आणि थांबला. "कामून, अण्णा?"

"सांगितलं तेवढं कर."

"जी, हवालदारसाब." परेडवरचा आवाज. त्यानं टोप काढून ट्रकमध्ये ठेवला. सगळ्यांनी ठेवले. मीही.

अकरा चाळीसला गावात शिरलो. बाजाराचा दिवस होता. चावडीपुढं पाचेकशे माणसं. पाटील हातात ताट घेऊन उभे होते. ताटात हळद-कुंकू, नारळ आणि नव्या कोऱ्या फेट्याची घडी. आमच्या भागात पाहुण्याला फेटा गाव बांधतं. पाहुण्यानं उघड्या डोक्यानं बसायचं आणि गावच्या माणसानं बांधायचा. हे पुढाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. पण घाई होती, त्या दिवशी अजून तीन गावं व्हायची होती. ते तयार फेटा घालून जीपमधून उतरले. पाटील ताट धरून तसेच राहिले.

मग मागून आवाज आला, "अप्पा, सकाळचा रुमाल कुठं ठिवलाव?"

पहिल्या गावची माणसं बसनं बाजाराला आली होती. त्यांनी सकाळचं भाषण अगोदरच सांगितलं होतं.

"पेटीत असंल की! पेटी उघडा!"

"आमाला मराठी म्हणायलास, त्यास्नी कानडी म्हणायलास. उर्दूवाल्यांची टोपी बी आणलीस का?"

लोक हसले. पुढाऱ्यांनी तिथं दुसरी चूक केली. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि पाटलांपुढं मान वाकवली, "बांधा, तुम्हीच बांधा." टक्कल उन्हात चमकलं. हसणं एकदम वाढलं आणि एकदम थांबलं. पाटलांनी ताट खाली जमिनीवर ठेवलं आणि ते मागे सरले.

पहिला दगड जीपच्या काचेवर बसला.

मी म्हणालो, "घेरा करो. साहेब को गाडी में." जवान आत आले. गोळीची ऑर्डर नव्हती आणि मी ती मागितली नाही. बिरप्पा पुढाऱ्यांच्या डाव्या बाजूला होता. त्यांच्या उघड्या डोक्यावर त्यानं आपला हात धरला होता. एक दगड त्याच्या कानाच्या वर, बेरेच्या कडेला लागला. तो पडला नाही. त्यानं पुढाऱ्यांना जीपमध्ये ढकललं, दार लावलं, आणि मग खाली बसला. जीप निघून गेली. ती पुन्हा थांबली नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी सेटवर बोललो.

"एक जखमी. डोक्याला. हुमनाबादला आणतो. ओव्हर."

"हेल्मेट था? ओव्हर."

मी बटण दाबून ठेवलं आणि बोललो नाही. मग म्हणालो, "आवाज साफ नहीं. आउट."

आवाज साफ होता. माझा खोटेपणा तिथून सुरू झाला.

ट्रकमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. राजेश्वरच्या पुढं कुठंतरी तो बोलला. "अण्णा, माझा टोप बघून ठिवा. नंबर हाय आत. न्हाईतर क्वार्टरमास्टर माझ्यावर लावंल."

"ठेवतो."

"तुमी घालायला पायजे होता. तुमचं डोकं मोठं हाय, तुमच्यावर नेम चुकला नसता." तो हसायला गेला आणि त्याला उलटी झाली.

दुपारी तीन पन्नासला हुमनाबादच्या दवाखान्यात तो गेला.

चौकशी आठवड्यानं लागली. आदल्या संध्याकाळी मी सेक्शनच्या सहा जणांना आणि ट्रकच्या ड्रायव्हरला तंबूमागे बोलावलं. सांगितलं, "रस्त्यात उन्हामुळे टोप उतरवले होते. गावात शिरताना मी घालायची ऑर्डर दिली. सगळ्यांनी घातले. बिरप्पानं घातला नाही." कुणी वर बघितलं नाही. एकानं विचारलं, "आन् पुढाऱ्यानं खरं सांगितलं तर?" मी म्हणालो, "तो काय सांगतो?" बरोबर निघालं. त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं. लष्करी बाबींची आपल्याला माहिती नाही.

सातही जणांनी एकाच शब्दांत सांगितलं. प्रिसायडिंग ऑफिसरनं मला विचारलं, "तुमची ऑर्डर त्यानं ऐकली होती?"

"ऐकली होती, सर."

"आणि पाळली नाही?"

"नाही, सर."

निकालात लिहिलं गेलं की मृत्यू स्वतःच्या हुकूमभंगामुळे. पलटणीच्या स्मृतिफलकावर त्या वर्षी ज्यांची नावं चढली त्यांत बिरप्पाचं नाव नाही. माझ्या कागदांवर शेरा पडला नाही. दोन वर्षांनी बढती मिळून मी जमादार झालो.

निकालाचा कागद बिरप्पाच्या घरी पोचवायला मलाच पाठवलं. भाषा येते म्हणून. त्याचा बाप कुडाजवळ लोकर पिंजत बसला होता. कागद त्यानं हातात धरला, उलटा. मी वाचून दाखवला.

तो म्हणाला, "ऐकलं न्हाई म्हणतेत? माझ्या पोरानं?"

मी कागद त्याच्या हातात परत दिला.

"त्यो तर मेंढरामागं उभा ऱ्हा म्हटलं तर सांज होस्तोवर हालायचा न्हाई. तुमी होताव ना तितं? हे खरं हाय, अण्णा?"

बापानं मला अण्णा म्हटलं, पोरगा म्हणायचा तसं. मी म्हणालो, "व्हय, अप्पा."

त्यानं डोक्यावरचं तांबडं मुंडासं सोडलं, घडी केली आणि बाजूला ठेवलं. "मग आता ह्ये बांधून चावडीवर कसं जाऊ?"

त्यानं ते पुन्हा बांधलं नाही. नऊ वर्षं उघड्या डोक्यानं हिंडला आणि तसाच मेला. हे मला त्याच्या मुलीनं, बिरप्पाच्या बहिणीनं सांगितलं. मी पेन्शनवर आल्यावर, यंदा, त्यांच्या दारात गेलो. सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं. ती उभी राहून ऐकत होती. मला बस म्हणाली नाही.

"अप्पा होता तवा का आला न्हाईस?"

"भ्यालो होतो, अक्का."

"आन् आता?"

"आता माझं कोण काय काढून घेणार?"

"म्हंजे आता फुकटात सांगायलास." तिनं दाराच्या कडीला हात घातला. "मला सांगून काय उपेग? जितं खोटं लिवलास, तितं जाऊन खरं लिव."

मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला आहे. सातांपैकी चौघं हयात आहेत. दोघांनी सह्या दिल्या. एकानं पत्र परत पाठवलं. चौथ्याचं उत्तर नाही. रेकॉर्ड ऑफिसचंही अजून नाही. ते येईल न येईल, म्हणून इथं छापायला देतो आहे, माझ्या पूर्ण नावानिशी.

लान्स नाईक बिरप्पा यांनी हुकूम मोडला नाही. त्यांनी एकदा विचारलं, कामून, आणि मग हुकूम पाळला. टोप उतरवायचा हुकूम मी दिला होता.