तिसऱ्या कॅसेटचं शेवटचं गाणं

सांगूनच टाकतो, मी जळका माणूस आहे. कुणाला माझ्याआधी बढती मिळाली, कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, तर मला काहीच होत नाही. पण जे माझं आहे ते दुसऱ्याला आयतं मिळालं, की अंगाचा तिळपापड होतो. आणि तो बँड माझा होता.

दिल्लीचा बँड, हिंदी रॉक गाणारा. जबलपूरच्या ओमती बाजारातल्या एका दुकानातून मी त्यांची पहिली कॅसेट आणली, तेव्हा अधारतालच्या आमच्या गल्लीत त्यांचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. वडील म्हणाले, "हे गाऊन राहिले का भांडून राहिले?" पुढे तिन्ही कॅसेटी माझ्याकडे झाल्या. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. शब्द ऐकून ऐकून वहीत उतरवून घेतले होते. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी एक गाणं होतं, नुसती गिटार आणि गायकाचा थकलेला आवाज. बारावीत नापास झालो त्या उन्हाळ्यात मी ते रोज ऐकलं. त्या गाण्याने मला धरून ठेवलं, याहून जास्त मला सांगता येत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला त्यांचं एकच गाणं ठाऊक होतं. ते तर साऱ्या जगालाच ठाऊक होतं, वरातीतले बँडवालेसुद्धा वाजवायचे. तेवढ्या भांडवलावर ही कॉलेजात सांगायची, "मैं तो फैन हूँ उनकी." मी म्हटलं, "अजून एका गाण्याचं नाव सांग बरं." तर म्हणे, "काहून? परीक्षा घेऊन राहिला का?"

आणि तो बँड जबलपूरला येणार असं कळलं. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. आपल्या शहराकडे आता कोण बघणार, असं जो तो म्हणत होता, आणि अशात हे! माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ते शेवटचं गाणं समोर उभं राहून ऐकायचं. पण नागपूरचा माझा आतेभाऊ सांगायचा, "ते आपणहून वाजवत नाहीत. आमच्या इथे कुणीतरी मागितलं म्हणून वाजवलं." त्याने ते ऐकलं होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्याच्याशी दोन महिने धड बोललो नाही. मी ठरवलं, अगदी पुढे जाऊन उभं राहायचं आणि ओरडून मागायचं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बहीण पास नाचवत आली. तिच्या मैत्रिणीचे वडील मोठे साहेब, रायपूरहून बदली होऊन आलेले. त्यांना सोफ्याचे पास मिळाले होते. "दादा, एक उरलाय, तू चल नं." मी म्हणालो, "सोफ्यावर बसून कोणी रॉक ऐकतं का?" असं म्हणालो खरं, पण पोटात दुखतच होतं. मी तिकिटासाठी रांग लावायची आणि हिने आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या!

दुपारी एकपासून मी मैदानाच्या फाटकाशी उभा होतो. आत गेलो तर काय, आपल्या गावाची रीत ती रीत. स्टेजसमोर सोफे, त्यामागे खुर्च्या, त्यामागे बांबू आणि बांबूमागे आम्ही. अर्ध्या खुर्च्यांवर माणसं नव्हती, नुसते रुमाल ठेवलेले होते. रुमाल म्हणजे जागा बुक. साहेबलोकांच्या बायका स्वेटर घातलेली पोरं घेऊन आल्या आणि शेंगा सोलत बसल्या. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, "इनको क्या पता?" आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदाच भेटलो होतो, पण त्या वाक्यावर भाऊ झालो.

पहिला ड्रम वाजला आणि बांबू मोडले. खरंच मोडले. सारी गर्दी खुर्च्यांवरून, रुमालांवरून, शेंगांवरून पुढे लोटली. माझी एक चप्पल गेली, पण मी थेट स्टेजला जाऊन चिकटलो. गायकाचे बूट माझ्यापासून दोन हातांवर होते. प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द मी त्याच्या तोंडाकडे बघत म्हटला. तो माझ्याकडे एकदाही बघेना.

आणि मग त्याने बोट दाखवलं, माझ्या डोक्यावरून, मागे. "वो लाल कुर्तेवाली को देखो, जबलपुर! ऐसे नाचते हैं!" मी वळून पाहिलं. माझी बहीण सोफ्यावर उभी राहून नाचत होती. सारं मैदान तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं. तिला त्या गाण्याचा एक शब्द येत नव्हता हो! नुसती हात वर करून ला ला करत होती. इतकं जळलो मी की डोळ्यांत पाणी आलं. माझी सख्खी बहीण ती, आणि मला वाटलं, पडावी आत्ता सोफ्यावरून.

तेवढ्यात चिठ्ठ्या सुरू झाल्या. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा आला की फर्माइशीच्या चिठ्ठ्या जातात, हातोहात, मागून पुढे. लोकांनी रॉकवाल्यांनाही त्याच पाठवल्या! मला लाज वाटली. ओरडलो मी एकावर, "अबे, शादी में आया है क्या?" गायक आधी हसला. पण मग त्याने एक चिठ्ठी वाचली आणि ते गाणं खरंच म्हटलं. मग दुसरी वाचली, तेही म्हटलं. मी स्टेजला चिकटलेला, म्हणून चिठ्ठ्या माझ्याच हातातून वर जात होत्या. मी स्वतः एक लिहू शकलो असतो. पण आत्ताच ज्याला झापलं तो शेजारीच उभा होता. आणि खरा फॅन चिठ्ठी लिहितो का?

एका पोरीने पाठीवर टकटक केलं. "भैया, ये आगे दे दो. लाल कुर्तेवाली दीदी की है." घडी घातलेला कागद. प्रॅक्टिकलच्या वहीचा, एका बाजूला आखलेला, ओळखीचा. मी मागे पाहिलं. बहीण सोफ्यावरून हात हलवून मला खुणा करत होती, दे दे म्हणून.

काय असणार त्यात? तेच ते वरातीचं गाणं. म्हणजे आता तिचं नावही माईकवरून वाचलं जाणार. मी कागद न उघडता पँटच्या खिशात घातला.

"एक और चिट्ठी हो तो दो, फिर आख़िरी गाना," गायक म्हणाला. स्टेजवरच्या माणसाने माझ्यासमोरच हात पुढे केला. माझा हात खिशात होता, तो तिथेच राहिला. त्याऐवजी मी जीव खाऊन माझ्या गाण्याचं नाव ओरडलो. पण मागून हजार गळे त्या वरातीच्याच गाण्यासाठी ओरडत होते. माझं मलाच ऐकू आलं नाही. शेवटी तेच वाजवलं आणि संपवलं. माझं गाणं राहिलं ते राहिलंच. तो बँड पुढे फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धुणं काढत होती आणि बहीण पोहे खात होती. मी तिच्याशी बोलत नव्हतो.

"दादा, तुझं ते गाणं नाही वाजवलं नं त्यांनी?" ती म्हणाली.

"कोणतं?"

"अरे, ते रडकं. तिसऱ्या कॅसेटचं शेवटचं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून कान किटले माझे. त्याचीच तर चिठ्ठी पाठवली होती मी. तुला खुणा करून राहिली होती, दिसलं नाही का?"

आईने खुंटीवरची माझी पँट ओढली. "ती राहू दे," मी म्हणालो आणि तिच्या हातातून हिसकावून आत गेलो. खिशातला कागद उघडला. गाण्याचं नाव, खाली दोन ओळी.

"मेरे भाई के लिए। हरी टी-शर्ट में सामने ही खड़ा है। खुद नहीं माँगेगा।"

स्वयंपाकघरातून बहीण आईला सांगत होती, "पोहोचलीच नसेल गं. कोणीतरी मधातच खिशात घातली असेल. असे असतात लोक." मग मला हाक मारून म्हणाली, "नाही का रे, दादा?"

"असतात," मी म्हणालो.