दोन गोल खाल्ल्यावर

मोमिनाबादेत कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिंपीकाम होतं. माझा डावा पाय लहानपणापासून आखूड, त्यामुळे फुटबॉलला मी कधी पाय लावला नाही. पण आमच्या संघाचा एकही सामना मी चुकवला नाही, आणि अकराही जणांचे हिरवे सदरे माझ्या हातचे होते. त्यामुळे संघाबद्दल बोलायचा हक्क मला खेळाडूंइतकाच आहे, असं मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

गावाबाहेर निजामाच्या रिसाल्याची छावणी होती. रिसाला हलला, घोडे गेले, अंमलदार गेले. मैदान आणि खेळ तेवढा मागं राहिला. छावणीत काम करणाऱ्यांनी तो उचलला. आमचा कप्तान नालबंद होता. सकाळी बैलांना पत्र्या ठोकायचा आणि दिवस कलला की मैदानावर यायचा. बाकी कुणी विणकर, कुणी कासार, एकजण शाळेचा चपराशी. गोल सांभाळायचा तो भटारखान्यातला नानबाई. रोज पहाटे कणकेचे डोंगर मळून त्याचे हात असे झाले होते की चेंडू त्याच्या हातात गेला की लिंबासारखा दिसायचा. त्याच्या एका सदऱ्याला दोन माणसांचं कापड लागलं होतं. गाव त्याला गोलकीच म्हणायचं.

घाटनांदूरहून रेल्वे गेली तेव्हा लाइनीवर काम करणाऱ्यांचा एक संघ तयार झाला. लोखंडाची कामं करणारे तगडे लोक, सगळ्यांच्या पायात बूट. आमच्याकडे बूट कुणाकडेच नव्हते. घोट्याला मी दुकानातली कातरण घट्ट बांधून द्यायचो, तेवढंच. त्या संघाने आसपासची तीन-चार गावं हरवली होती. एका जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, ते आमच्याकडे खेळायला आले. नमाज उरकून लोक थेट मैदानावर आले. बाजारातून बायाही आल्या आणि कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या.

माझ्या शेजारी कचेरीतले एक निवृत्त अव्वल कारकून बसले होते. ते प्रत्येक सामन्याला यायचे आणि आपण हरणार म्हणून आधीच सांगून ठेवायचे.

"आज काय खरं न्हाई बघा," ते म्हणाले. "त्यांचे पाय बघितलेत का?"

"बघितले," मी म्हणालो. "आपण जिंकतो काका."

"ते कावून?"

कारण सांगायला तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. माणूस आपल्या संघाबद्दल बोलतो ते हिशेब मांडून बोलत नाही.

आमचं मैदान नदीच्या अंगाला उतरतं होतं. नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली आणि त्यांनी उताराची बाजू घेतली. पहिला अर्धा वेळ आम्ही चढावर खेळलो. चेंडू पुढे मारला की थोडं जाऊन थांबायचा, आणि त्यांनी मारला की घरंगळत आमच्या गोलाकडे यायचा. तरी बराच वेळ आम्ही टिकलो. मग त्यांच्या एकाने लांबून एक साधा चेंडू मारला. तो गोलकीने अडवायलाच हवा होता. चेंडू त्याच्या हातात आला, हातातून निसटला आणि दोन पायांमधून मागे गेला. गोलकी वळून नुसता बघत राहिला. त्यानंतर थोड्याच वेळात दुसरा गोल झाला. या वेळी तो पुढे यावं की मागं राहावं या विचारात मधेच अडकला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

मध्यंतराची शिट्टी झाली. कारकून उठून छत्री झटकू लागले.

"बसा," मी म्हणालो. "आता उतार आपल्याकडं हाय."

"उतार काय गोल मारतो व्हय?" असं म्हणाले खरे, पण बसले.

मी पाण्याची घागर घेऊन खेळाडूंकडे गेलो. सगळे घोळका करून बसले होते. गोलकी जरा लांब उभा होता. मला बघून त्याने सदरा डोक्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला.

"दर्जीभाई, ये रखो. मेरे से नइं होता अब. दुसऱ्या कुणाला उभं करा."

दुसरा होता कोण? बारावा माणूस आमच्या संघात नव्हताच. मी सदरा उलगडून धरला. ओल्या घामाचा आणि भट्टीच्या धुराचा वास त्याला येत होता.

"हा तुझ्या मापाचा हाय," मी म्हणालो. "गावात दुसऱ्या कुणाला घातला तर तंबूवानी दिसंल. मी शिवलाय, मला ठाऊक हाय."

दोघं-तिघं हसले. गोलकी हसला नाही. त्याचे डोळे लाल झाले होते. एवढा मोठा माणूस सगळ्या गावादेखत रडू नये म्हणून जबडा आवळून उभा आहे, हे मला दिसत होतं, आणि माझी थट्टा मला नकोशी झाली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. शिट्टी शाळेच्या ड्रिल मास्तरांकडे होती. पाहुणे मैदानात गेले. आमची पोरंही उठू लागली, पण नालबंद जागचा हलला नाही.

"बसा खाली," तो आपल्या माणसांना म्हणाला. मग गोलकीकडे न बघता म्हणाला, "बे, तू येत असशील तर आमी येतो. तू न्हाई तर आमी बी न्हाई."

सगळे पुन्हा बसले. मास्तरांनी दुसऱ्यांदा शिट्टी मारली. पाहुणे आपापल्या जागी उभे राहून बघत होते. मैदानाभोवतीचे लोक काय झालं म्हणून विचारू लागले. मास्तर चालत आले.

"काय चाललंय? खेळायचं का न्हाई?"

"गोलकीला विचारा," नालबंद म्हणाला.

मला वाटतं त्या घडीला त्या माणसाच्या अंगावर दोन गोलांपेक्षा मोठं ओझं पडलं असेल. पण त्या ओझ्यात लोकांचा राग नव्हता. दहा माणसं त्याच्यासाठी मातीत बसली होती. त्याने माझ्या हातातला सदरा घेतला, उलटा घातला, पुन्हा काढून सुलटा घातला.

"चलो," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी चालू लागला.

मी जागेवर परत आलो तेव्हा कारकुनांना म्हणालो, "आता जिंकलो." या वेळी माझ्याकडे कारण होतं.

आमचा पहिला गोल कासाराने मारला. उतारावरून चेंडू असा धावत गेला की त्यांच्या बॅकला वळायलाही वेळ मिळाला नाही. दुसरा नालबंदाचा. गोलाला जाळी नव्हती. दोन वासे आणि वर आडवी बांधलेली दोरी. त्याने लांबून मारलेला चेंडू दोरी हलवून मागे गेला. तो दोरीच्या वरून गेला की खालून, हे कुणालाच नीट कळलं नाही. आमचे लोक खालून म्हणाले, त्यांचे वरून. गोंधळ वाढला तेव्हा मास्तर सरळ पाहुण्यांच्या गोलकीकडे गेले आणि त्यालाच विचारलं. तो एक सावळा, उंच, तेलंगी माणूस होता. त्याने आपल्या सोबत्यांकडे एकदा बघितलं.

"नीचे से गया," तो म्हणाला. "गोल है."

आपल्याच माणसांच्या तोंडावर असं बोलणं सोपं नसतं. कारकुनांनी छत्री खाली ठेवली आणि म्हणाले, "माणूस लई सरळ हाय."

दोन-दोन झाल्यावर पाहुणे चवताळून खेळले. चढ असूनही ते पुन्हा पुन्हा आमच्या गोलापाशी येत होते. शेवटी त्यांचा एकजण एकटाच चेंडू घेऊन आत शिरला. गोलकी या खेपेला थांबला नाही. तो पुढे धावला आणि त्या माणसाच्या पायावर आडवा पडला. बूट त्याच्या नाकावर बसला. रक्त आलं, पण चेंडू त्याच्या पोटाखाली होता. त्याने उठून तो इतका लांब फेकला की मैदानाच्या मध्यापलीकडे पडला. तिथून विणकराने पुढे नेला, मारला, तो त्यांच्या बॅकच्या मांडीला लागला आणि वाशाच्या आतून गेला. दिसायला काही देखणा गोल नव्हता. मी आयुष्यात बघितलेल्या गोलांत तो मला सगळ्यात आवडतो.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा कारकूनकाका माझा खांदा धरून उभे होते. "मी बोललो होतो का न्हाई?" ते म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही.

पाहुण्यांच्या गाड्या जुंपायला वेळ होता, म्हणून नानबाईने त्यांना भटारखान्यात नेलं. मीही गेलो. नाकाला माझ्याच दुकानातली चिंधी लावून तो भट्टीसमोर बसला आणि गरम नान काढून वाढू लागला. त्या तेलंगी गोलकीला त्याने आपल्याजवळ बसवून घेतलं होतं. दोघांची भाषा अर्धीच जुळत होती. मात्र हातातून चेंडू कसा निसटतो हे सांगायला भाषा लागत नव्हती. तेलंगी गोलकीने आपलं एक वाकडं बोट दाखवलं आणि असाच एक चेंडू आपल्याकडूनही कधी सुटला होता, हे हातवारे करून सांगितलं. नानबाई तेव्हा पहिल्यांदा मोकळा हसला आणि नाक दुखलं म्हणून लगेच थांबला.

पुढच्या वर्षी त्याच लोकांनी आम्हाला हरवलं. त्यानंतरही आम्ही हरलो, जिंकलो. नानबाई पुढे कितीतरी वर्षं गोलात उभा राहिला आणि त्याने आणखी पुष्कळ गोल खाल्ले. लोक मला विचारत, दर्जीभाई, आज काय होणार? मी दर वेळी सांगायचो, जिंकणार. लोकांना ती माझी सवय वाटायची. पण दहा माणसं मातीत बसलेली मी जवळून बघितली होती. अशी माणसं हरली तरी संपत नाहीत, एवढी खात्री मला त्या दिवसापासून आहे.